दौलतगंजातलं जुनं घर आणि मी वाचलेला कागद

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून पळवाट शोधायला नको. मला मोडी वाचता येत नाही. वर 'श्री' असतं ते ओळखते, आकडे ओळखते, आठ-दहा अक्षरं सुटी सुटी काढून दाखवली तर चाचपडत सांगेन. पण ती जुनी धावती लिपी, हात न उचलता लिहिलेली, तिची एक आख्खी ओळ मला आजवर लागलेली नाही. आणि ग्वाल्हेरातली मराठी मंडळी गेली कित्येक वर्षं मला मोडीतली जाणकार समजतात. कुणाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी पिवळा कागद निघाला की, 'दर्पण कॉलनीतल्या ताईंना दाखवा, त्या फटाफट वाचतात,' असं सांगितलं जातं. फटाफट! ऐकलं की आता कानशिलं तापतात.

वाचायचे माझे वडील. जुन्या दप्तरांच्या कचेरीत नोकरी. मोडी कागद हातात घेतला की सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तसा वाचून टाकायचे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला पाटावर बसवून शिकवायला लागले. मी पंधरा दिवसांत कंटाळले. 'शाळेत नाही, परीक्षेत नाही, कशाला मेलं शिकायचं?' असं तोंड वर करून म्हणाले. वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही. ते गेल्यावर लोक कागद घेऊन माझ्याकडे यायला लागले, कारण बापाची विद्या लेकीला येणारच. पहिल्याच माणसाला मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होते, आणि समोरचा माणूस इतक्या आदरानं कागद उलगडत होता, की तोंडातून निघून गेलं, 'ठेवून जा, आठवड्यानं या.'

जनकगंजात वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ राहायचे, त्यांना मोडी यायची. कागद त्यांच्याकडे न्यायचा, ते सांगतील ते उतरून घ्यायचं आणि माझ्या सुरेख अक्षरात पुढं द्यायचं, असं बरीच वर्षं चाललं. त्यांचं नाव मी एकदाही कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. ते वारले त्या दिवशी मी रडले, आणि खरं सांगते, त्यातलं अर्धं रडू स्वतःसाठी होतं. तेव्हाच जाहीर करायचं, की बाबांनो, आता माझ्याकडे कागद आणू नका. नाही केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मी झाकलेलीच ठेवली. पुढं कागद आला की 'फार जीर्ण झालाय हो, काही लागत नाही' म्हणायचं. नाहीतर 'खुशालीचं पत्र आहे, देवीचं दर्शन झालं असं कळवलंय' म्हणायचं. लोक खूश होऊन जायचे. कुणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःची समजूत घालत राहिले.

मग आमच्या मंडळाची स्मरणिका काढायचं ठरलं. मंडळाचे चिटणीस माझ्याकडे आले नि म्हणाले, 'ताई, लष्करातल्या सगळ्यात जुन्या घरावर लेख तुम्हीच लिहायचा.' लष्कर म्हणजे आमचं जुनं शहर. नावाप्रमाणे ती आधी छावणीच होती, तंबू-राहुट्यांची. घरं मागाहून उभी राहिली. लोकांना वाटतं, जुनं घर म्हणजे कमानी, नक्षी, हत्ती जाईल एवढा दरवाजा. कसलं डोंबल! दौलतगंजात दुकानांच्या मागं एक गल्ली आहे, ती सरळ येते आणि एका ठेंगण्या दगडी घरापाशी मुकाट्यानं वळसा घेते. म्हणजे घर आधी, गल्ली नंतर. थरावर थर पडून रस्ता इतका वर आलाय, की घरात शिरायला तीन पायऱ्या खाली उतरावं लागतं. खाली दोन खोल्या, वर एक, छताला दगडाच्या लांब पाट्या. भिंत एवढी जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल. आजूबाजूची घरं पाडून दोन-दोनदा बांधली गेली, हे मात्र होतं तसंच आहे.

त्या घरात राहणारे गृहस्थ सत्तरीचे. जन्मभर झाशीच्या रस्त्यावर बस चालवली. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून शिपाई म्हणून आले, आमचे कचेरीत लिहायला. 'त्यांच्या हातात भाला, आपल्या हातात लेखणी,' असं आमच्या घरी मोठ्या ऐटीत म्हणत, आणि म्हणताना नाक किती वर जाई ते मला अजून दिसतं. मी स्वतःला त्यातली समजत नव्हते. मी शिकलेली, सुधारलेली, सगळ्यांच्या घरी जेवणारी. पण नाक ते नाकच, ते घरच्यासारखंच निघतं.

दादांच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक होते, म्हणजे चांदीच्या बोटभर पत्र्यावर उठवलेल्या आकृत्या. बाकीच्यांच्या हातात ढाल-तलवार, एक तेवढी बाई, पदर डोक्यावर घेतलेली. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की ही बाई फौजेच्या राहुट्या शिवायची. नवरा लढाईत पडल्यावर हिनंच हे घर बांधलं. नवरात्रात तिच्यापुढं सुई-दोरा ठेवायचे. नवी सून घरात आली, की आधी त्या टाकाच्या पाया पडायची, मग सासूच्या. तिला विचारल्याशिवाय घरात कुठलंही शुभकार्य ठरत नसे.

चिटणिसांबरोबर मी गेले तेव्हा वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, गरमागरम बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी आणवली होती. दादांनी मुलाच्या मार्कशीटांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. 'ताई, आमच्यात वाचून सांगणारं कोणी नाही राहिलं. बाकी काय लिहिलंय ते असू द्या. यात तिचं नाव आहे का, आणि घर तिचं होतं का, बस, एवढं बघा.' आवाजात परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या माणसाची धास्ती होती. वहिनी दाराशी पदर सावरून उभ्या राहिल्या.

मी चष्मा लावला. चिटणीस पेन उघडून तयार, लेख दोन दिवसांत छापायला जायचा. 'जीर्ण झालाय' म्हणायची सोय नव्हती, कागद चांगला धडधाकट होता. खुशालीचं पत्र म्हणावं, तर खाली शिक्का. मी उगाच ओठ हलवत ओळींवरून नजर फिरवली. त्या वेळी मनात काय आलं ते मला लख्ख आठवतंय. राहुट्या शिवणारी बाई दगडी घर कुठून बांधणार? घर कुणा सरदाराचंच असणार. मग ही कोण? मोठ्या घरांतून त्या काळी बटकी असत, विकत घेतलेल्या दासी. असेल तशीच एखादी. एवढा विचार करायला मला चहाचा एक घोट पुरला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

'बाईचं नाव आहे,' मी म्हणाले. दादांचा चेहरा उजळला. 'पण घर तिचं नाही हं दादा. घर सरदारांचं. त्यांनी आपल्या घरची बटीक इथं राखणीला ठेवली होती, असं दिसतंय.'

'असं दिसतंय' हे मी शेवटी जोडलं. तेवढाच माझा प्रामाणिकपणा.

'बटीक म्हणजे?' वहिनींनी विचारलं. मी वर्गात समजावून सांगावं तसं समजावून सांगितलं, उदाहरणांसकट. वहिनी आत निघून गेल्या. दादांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल.' त्यांनी वाद घातला असता तर किती बरं झालं असतं! मी तापट बाई, आवाज चढवला असता, आणि भांडता भांडता माझं पितळ उघडं पडलं असतं. पण त्यांनी मला लेखासाठी मोबाइलवर फोटो काढू दिला, कागद नीट फोल्डरमध्ये ठेवला आणि मला आणखी एक बेढई घ्यायचा आग्रह केला. मी घेतली.

चिटणीस बाहेर पडल्या पडल्या म्हणाले, 'ताई, काय मसाला मिळाला!' मलाही तसंच वाटत होतं. घरी येऊन मी एका बैठकीत लेख लिहून काढला. गल्ली कशी वळते, पायऱ्या कशा खाली उतरतात, सगळं छान जमलं. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं, की सरदारांनी राखणीला ठेवलेल्या एका बटकीचे वंशज आज या वास्तूत राहतात. लेख मराठीत आणि हिंदीतही छापायचा होता, कारण आमच्याकडच्या पोरांना वाचायला हिंदीच सोपं जातं. हिंदीही मीच करून दिलं. बटीक या शब्दासाठी हिंदीत कुठला शब्द बरा, यावर मी अर्धा तास घालवला, हे आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

छापायला जायच्या आदल्या दिवशी दुपारी दादा स्कूटरवरून माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. बूट काढून दाराशीच उभे. 'ताई, घर आमचं नव्हतं तर नव्हतं. राखणदार लिहा, चालेल. पण तिला बटीक नका लिहू. भिंडकडं आमची भावकी आहे. आणि रोज सकाळी आम्ही तिला...'

मी काय म्हणाले असेन? 'दादा, इतिहास आहे हा. इतिहासाची लाज वाटून घ्यायची नसते.' मी म्हणाले असं! जिला त्या कागदाची एक ओळ लागलेली नव्हती, ती त्या सत्तरीच्या माणसाला इतिहास शिकवत होती. दादा 'बरं' म्हणाले, बूट घातले आणि गेले. मला वाटलं, चला, पटलं त्यांना.

स्मरणिका निघाली, सिटी सेंटरला एका हॉलमध्ये समारंभ झाला, मला शाल मिळाली. दादांच्या घरून कोणी आलं नव्हतं. माझ्या ते लक्षातही आलं नाही, चिटणिसांनी सांगितलं तेव्हा कळलं. मी म्हटलं, 'असेल काही काम.'

दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली. नोकरी कॉम्प्युटरवरची, पण हिनं हौसेनं ऑनलाइन मोडी शिकून घेतलेली. मला ठाऊक नव्हतं. माझ्या मोबाइलमधले फोटो चाळता चाळता एकदम ओरडली, 'अगं मावशी, काय सुरेख अक्षर आहे या कागदाचं!' आणि सोफ्यावर पाय घेऊन, फराळाची ताटली मांडीवर ठेवून, चकली खात खात तिनं तो कागद वाचायला घेतला. मी स्वयंपाकघरात होते. हातातली कढई तशीच राहिली.

तिला अडखळायला झालं दोन-तीनच ठिकाणी. कागदात लिहिलं होतं ते असं. अमक्या शिपायाची बायको, नवरा कामी आला, मुलं लहान. फौजेच्या राहुट्या शिवून ती चाकरी करते, काम चोख. तिनं छावणीत जागा मागितली, ती तिला तिच्या नावानं दिली आहे. तिनं आपल्या मेहनतीनं दगडी घर बांधावं, लेकराबाळांनी, त्यांच्या लेकराबाळांनी सुखानं राहावं, कोणी तिला त्रास देऊ नये. मग चारी बाजूंच्या हद्दी, आणि शेवटी शिक्का. म्हणजे दादांच्या घरी जे सांगत आले होते ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

'मावशी, पण बटीक कुठाय यात?' भाचीनं विचारलं. स्मरणिका मीच तिला मोठ्या अभिमानानं पाठवली होती. 'तू लेखात लिहिलंस ना?'

'फोटो नीट नव्हता,' मी म्हणाले.

'पण तू तर मूळ कागद हातात घेऊन वाचला होतास.'

'तू मला शिकवू नकोस! चार दिवस क्लास केला म्हणून पंडित झालीस का?' मी अशी कडाडले, की पोरीच्या हातातली चकली खाली पडली. थोड्या वेळानं तिनं सगळा मजकूर नीट लिहून, घडी करून, माझ्या उशीपाशी ठेवला. तिला कळलं होतं. जाताना पाया पडली तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे बघू शकले नाही.

तीन दिवस मी काही केलं नाही. पडदे धुतले. कपाटं आवरली. चौथ्या दिवशी सकाळी उठले आणि रिक्षा केली. रस्ताभर वाक्य जुळवत होते. 'दादा, मला मोडी येत नाही. मी थाप मारली.' साधं वाक्य. ते मी एकदा मोठ्यानंसुद्धा म्हटलं, तर रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, 'क्या हुआ अम्मा?' मी म्हटलं, 'कुछ नहीं भैया, आप चलो.'

पायऱ्या उतरून आत गेले. दादा खाटेवर पेपर वाचत होते, लगबगीनं उठले. वहिनींनी 'या' म्हटलं, हसल्या नाहीत. मी सवयीनं देव्हाऱ्यापुढं हात जोडले. टाक ओळीनं मांडलेले होते, मधे एकाची जागा रिकामी. मी वळून बघितलं.

'तिला सोडलं,' वहिनी म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधी भिंडहून भावकीतले लोक आले होते, स्मरणिका घेऊन. बटकीला देव्हाऱ्यात बसवून आमचीही बदनामी करता, म्हणाले. तिला काढा, नाहीतर आमच्या मुलींच्या लग्नाला येऊ नका. दादांनी दोन दिवस विचार केला. मग तो टाक, बरोबर सुई-दोरा, एका फडक्यात बांधून बसनं चंबळेवर गेले. पुलावरून टाकवेना म्हणून खाली पाण्यापर्यंत उतरले, आणि हातानं सोडून आले. 'घरी आले ते आठ दिवस धड जेवले नाहीत,' वहिनी म्हणाल्या. दादा त्यांना म्हणत होते, 'अगं, राहू दे ना, ताईंना कशाला ते.'

आता तरी सांगायचं. मी तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते ऐका: 'दादा, मी त्या कागदाचा फोटो पुन्हा नीट वाचला. भिंग घेऊन. पहिल्या वेळी माझी जरा चूक झाली.'

जरा चूक!

मग पर्समधून भाचीनं लिहिलेला कागद काढून मी तो मजकूर वाचून दाखवला, जणू माझाच. दादांनी तीनदा वाचायला लावला. 'तिच्या नावानं' हे आलं की हात वर करून थांबवायचे, म्हणायचे, 'परत एकदा.' तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खरबरीत दाढी, उघडं तोंड, लहान मुलासारखे रडत होते. मग म्हणाले, 'मी तिला पाण्यात टाकली हो ताई. मी टाकली.'

तो दोष त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. याहून नीच काही मी आयुष्यात केलेलं नाही.

'तेव्हा का नाही नीट वाचलं?' वहिनींनी सरळ विचारलं. त्या घरात एकच माणूस शुद्धीवर होतं. पण दादांनीच त्यांना गप्प केलं. 'तू चूप बस. अगं, आपली चूक सांगायला कोण येतं घरापर्यंत? मोठं मन लागतं त्याला.' आणि ते चक्क माझ्या पाया पडायला वाकले. मी मागं सरले, 'अहो, हे काय, हे काय' करत राहिले. पण खरं काही बोलले नाही.

पुढं काय, बैल गेला आणि झोपा केला. चिटणिसांना सांगून मी पुरवणी पान छापवलं, 'पुनर्वाचनानंतर' असा भारदस्त शब्द घालून. चिटणीस म्हणाले, 'ताई, तुमची अभ्यासू वृत्ती म्हणजे काय सांगावं!' दादांनी ते पान भावकीत घरोघर नेऊन दिलं. सराफ्यातून नवा टाक करून घेतला. जुन्याचा फोटो नव्हता, तेव्हा पदर कुठल्या बाजूनं होता यावर घरात दोन दिवस चर्चा चालली, आणि नक्की कुणालाच आठवेना. स्थापनेचा दिवस ठरला, आणि पहिलं आमंत्रण मला.

सकाळी गेले तर घर माणसांनी भरलेलं. भिंडची भावकीही आली होती, माना खाली घालून. मला चौरंगावर बसवलं. वहिनींनी माझी ओटी भरली. त्यांचा राग गेला होता, आणि राग होता तेव्हाच मला जास्त बरं वाटत होतं. नव्या टाकाला पहिलं कुंकू मीच लावायचं, असा दादांचा हट्ट. 'तुमच्यामुळं ती परत आली,' ते सगळ्यांना सांगत होते. मी लावलं कुंकू. मान वर करवत नव्हती, तर एक बाई म्हणाली, 'किती भरून आलंय बघा ताईंना.'

आरती झाली, प्रसाद झाला, मी उठणार तेवढ्यात दादांची सून तो कागद घेऊन आली, मोबाइल सरसावत. 'काकू, एक मिनट. तिचं नाव कुठंय, त्यावर उंगली ठेवा ना. मैं फोटो ले लेती हूँ, बच्चों को दिखाने के लिए.'

पंधरा-सोळा ओळी. भाचीनं मजकूर लिहून दिला होता, पण कुठलं वाक्य कुठल्या ओळीत ते मी विचारलंच नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. सगळे भोवती जमले. दादांची धाकटी नात माझ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघायला लागली. मी मनात म्हटलं, सांग. आत्ता सांग. यापुढं आणखी वाईट वेळ येणार नाही. ओटीतला नारळ मांडीवर जड लागत होता. मी बोट उचललं आणि मधल्या एका ओळीवर ठेवलं, जिथं अक्षरं जरा ठळक वाटली तिथं.

सुनेनं फोटो काढला. मग दादा पुढं झाले, वाकले, आणि माझं बोट होतं त्या जागेला त्यांनी कपाळ लावलं. त्यांच्यामागून वहिनी. मग मुलगा, सून, नातवंडं. मग भिंडची ती माणसंसुद्धा, एकेक करून. मी बोट जरा बाजूला घेऊन बसून राहिले.

घरी येऊन तो फोटो भाचीला पाठवला. सुनेनं त्या जागेभोवती लाल गोल काढून मला पाठवला होता. भाचीचा लगेच फोन आला. 'मावशी, इथं "पूर्वेस नाला" असं आहे. हद्दी सांगितल्यात ना, त्यातलं. नाव वर दुसऱ्या ओळीत आहे. का गं?' मी म्हटलं, 'काही नाही, सहज.' जेवलीस का, असं विचारून तिनं फोन ठेवला.

गेल्या महिन्यात दादांना बरं नव्हतं म्हणून बघायला गेले होते. त्या फोटोची मोठी प्रत काढून, लाल गोलासकट काचेत बसवून, त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. नातवंडं शाळेत निघाली होती. दप्तर पाठीवर घेऊन दोघंही काचेपाशी थांबली, लाल गोलाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि पायऱ्या चढून पळाली. दादा खाटेवरून कौतुकानं बघत होते. मला म्हणाले, 'रोज करतात बरं का. सांगावं लागत नाही.'

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे. महाराष्ट्रातले लोक वाचतील, दोन घटका हळहळतील. दादांच्या घरी मराठी बोलतात, पण वाचतात हिंदी. हिंदीत लिहायला मी दोनदा बसले. 'दादा, मुझे मोडी पढ़ना नहीं आता, तब भी नहीं आता था,' एवढं दोन्ही वेळा लिहून झालं. दोन्ही वेळा मी तो कागद फाडून टाकला.